होरोनुकू ते हेउहेउ तुकिनो (चौथे)

होरोनुकू ते हेउहेउ तुकिनो चौथे (जन्म : अंदाजे १८२१; मृत्यू : जुलै १८८८, वाइही, न्यूझीलंड) हे न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील न्गाती तूफारेतोआ या माओरी जमातीचे सर्वोच्च प्रमुख होते. २३ सप्टेंबर १८८७ रोजी त्यांनी तोंगारिरो, न्गाउरुहोए आणि रुआपेहूचा काही भाग ही ज्वालामुखी शिखरे ब्रिटिश राजसत्तेच्या हाती सोपवली. त्यातून पुढे तोंगारिरो राष्ट्रीय उद्यान निर्माण झाले. ते न्यूझीलंडमधील पहिले राष्ट्रीय उद्यान असून जगात सामान्यतः चौथे गणले जाते. या उद्यानातून जाणारी, निवाऱ्यांत मुक्काम करत तीन-चार दिवसांत पूर्ण होणारी तोंगारिरो उत्तर परिक्रमा ही पदभ्रमंती जगभरातील गिर्यारोहकांना परिचित आहे.

होरोनुकू यांचे हे कृत्य दीर्घकाळ एका उदार सरदाराने राष्ट्राला दिलेले दान म्हणून शालेय पुस्तकांत आणि पर्यटन पुस्तिकांत वर्णिले गेले. मात्र ते कोणत्या परिस्थितीत घडले आणि माओरी परंपरेत अशा देण्याचा अर्थ काय होतो, यासंबंधीचा विचार विसाव्या शतकाच्या अखेरीपासून बदलत गेला आहे.

नाव व उच्चार

त्यांचे मूळ नाव पातातई. होरोनुकू हे नाव त्यांनी १८४६ नंतर धारण केले. माओरी भाषेत ‘होरो’ म्हणजे कोसळणे आणि ‘नुकू’ म्हणजे भूमी. म्हणून या नावाचा अर्थ भूस्खलन किंवा दरड कोसळणे असा होतो. ते हेउहेउ तुकिनो हे घराण्याच्या प्रमुखाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले अभिधान असून होरोनुकू हे ते धारण करणारे चौथे पुरुष होत. माओरी शब्दांच्या आरंभी येणारा ‘न्ग’ हा एकच ध्वनी आहे. ‘वाङ्मय’ या शब्दातील ‘ङ’चा जो उच्चार, तोच त्याचा.

पर्वत आणि त्यांचे पावित्र्य

उत्तर बेटाच्या मध्यभागी ताउपो सरोवर आहे. त्याच्या दक्षिणेस उंच, ओसाड पठारावर तीन ज्वालामुखी उभे आहेत. तोंगारिरोची उंची १,९६७ मीटर, न्गाउरुहोएची सुमारे २,२९० मीटर आणि रुआपेहूची २,७९७ मीटर आहे. रुआपेहू हे उत्तर बेटावरील सर्वोच्च शिखर होय. तोंगारिरो हा एकच शंकू नसून अनेक विवरांचा पसारा आहे. न्गाउरुहोएचा रेखीव शंकू भूशास्त्रीयदृष्ट्या त्याचाच भाग असून तो तुलनेने अलीकडच्या काळात तयार झाला आहे. तिन्ही ज्वालामुखी जागृत मानले जातात.

न्गाती तूफारेतोआंच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज न्गातोरोइरांगी हे ते आरावा या नौकेचे पुरोहित व मार्गदर्शक होते. या भूमीवर हक्क सांगण्यासाठी ते पर्वतावर चढले. शिखराजवळ दक्षिणेकडील हिमवाऱ्याने ते गारठून मरणोन्मुख झाले, तेव्हा त्यांनी समुद्रापार हावाइकी या आदिभूमीत असलेल्या आपल्या बहिणींना अग्नी पाठवण्यासाठी आळवले. तो अग्नी भूगर्भातून प्रवास करत आला आणि वाटेत जिथे जिथे वर आला तिथे उष्ण झरे व ज्वालामुखी निर्माण झाले. शेवटी तो पर्वताच्या मुखातून प्रकटला आणि न्गातोरोइरांगी वाचले. ‘तोंगा’ म्हणजे दक्षिणवारा आणि ‘रिरो’ म्हणजे वाहून नेलेले. पर्वताचे नाव या प्रसंगाची आठवण देते. भूशास्त्राच्या नकाशावरही फाकारी बेटापासून रोतोरुआ व ताउपोमार्गे तोंगारिरोपर्यंत ज्वालामुखींचा आणि उष्ण झऱ्यांचा एक सलग पट्टा दिसतो.

त्यामुळे ही शिखरे जमातीच्या दृष्टीने केवळ भूभाग नव्हेत, तर पूर्वज होत. त्यांच्यावर ‘तापू’ होते, म्हणजे ती पवित्र व निषिद्ध मानली जात. प्रवासी त्यांच्याकडे पाहणेही टाळत असत, असे सांगितले जाते. मार्च १८३९ मध्ये जॉन कार्न बिडविल हा वनस्पतीशास्त्राचा अभ्यासक न्गाउरुहोएच्या शिखरावर जाऊन आला, तेव्हा जमातीचे तत्कालीन प्रमुख आणि होरोनुकू यांचे वडील मानानुई संतप्त झाले. दोन वर्षांनी आलेला जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अर्न्स्ट डीफेनबाख याला चढाईची अनुमती मिळाली नाही.

घराणे आणि तरुणपण

होरोनुकू यांचे वडील मानानुई ते हेउहेउ तुकिनो दुसरे हे आपल्या काळातील सर्वांत प्रभावी माओरी प्रमुखांपैकी एक होते. १८४० मध्ये ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात वाइतांगीचा करार झाला. मानानुईंचे बंधू इविकाउ यांनी त्यावर खूण केली होती. परंतु मानानुईंनी तो अमान्य केला आणि कराराच्या वेळी मिळालेली कांबळी परत पाठवली. आपली सत्ता दूरदेशीच्या राणीच्या सत्तेखाली जाणे त्यांना मान्य नव्हते. सत्ता कोणाची आणि भूमी कोणाच्या आधिपत्याखाली, हा प्रश्न पुढे त्यांच्या मुलाच्या वाट्याला अधिक कठोर स्वरूपात आला.

मानानुईंचे गाव ते रापा ताउपो सरोवराच्या नैर्ऋत्य काठावर होते. गावामागच्या डोंगरात वाफेची विवरे व उष्ण झरे असून त्यांच्यामुळे तेथील माती सतत भुसभुशीत होत असते. ७ मे १८४६ रोजी अतिवृष्टीनंतर या डोंगराचा कडा सुटला आणि चिखलाच्या लोंढ्याखाली ते रापा गाडले गेले. मानानुई, त्यांच्या पत्नी आणि आप्तस्वकीय धरून सुमारे ६० माणसे मृत्युमुखी पडली. पातातई यांनी या आपत्तीची स्मृती म्हणून होरोनुकू हे नाव घेतले.

मानानुईंचे अवशेष कालांतराने तोंगारिरोवर नेण्यात आले. ते विवरात ठेवण्याचा मानस होता. परंतु वाहकांनी पर्वताची गडगडाट ऐकली आणि अवशेष उतारावरच ठेवून ते परतले. त्यामुळे हा पर्वत होरोनुकू यांच्यासाठी जमातीचा पूर्वज होता, तसेच वडिलांचे विश्रांतिस्थानही होता.

मानानुईंच्या पश्चात प्रमुखपद त्यांचे बंधू इविकाउ यांच्याकडे गेले. १८५६ मध्ये इविकाउ यांनी सरोवरकाठच्या पूकावा येथे अनेक जमातींची मोठी सभा भरवली. जमिनीची विक्री थांबवण्यासाठी सर्व जमातींनी एका राजाच्या छत्राखाली यावे, हा तिचा विषय होता. सभास्थानी उभारलेल्या उंच स्तंभाला तोंगारिरोचे प्रतीक मानले गेले आणि त्याच्या माथ्यापासून सोडलेला एकेक दोर एकेका जमातीच्या पर्वताचे प्रतिनिधित्व करत होता. या प्रक्रियेतूनच वाइकातोचे पोतातौ ते फेरोफेरो हे १८५८ मध्ये पहिले माओरी राजे झाले. या चळवळीस किंगीतांगा म्हणतात. १८६२ मध्ये इविकाउ यांचे निधन झाले आणि होरोनुकू जमातीचे प्रमुख झाले.

युद्धकाळ

होरोनुकू प्रमुख झाले त्यानंतर वर्षभरातच, जुलै १८६३ मध्ये, गव्हर्नर जॉर्ज ग्रे याच्या आदेशाने ब्रिटिश सैन्याने वाइकातोवर आक्रमण केले. न्गाती तूफारेतोआंनी राजाच्या बाजूने लढवय्ये पाठवले. १८६४ च्या मार्च-एप्रिलमध्ये ओराकाउ येथील गढीला सैन्याने वेढा घातला, तेव्हा होरोनुकू मदतीसाठी आलेल्या तुकडीत होते. परंतु वेढा भेदून आत जाणे त्या तुकडीला शक्य झाले नाही. पराभवानंतर वाइकातोतील सुमारे १२ लाख एकर जमीन सरकारने जप्त केली. शस्त्र उचलणाऱ्यांच्या भूमीचे काय होते, याचा धडा शेजारच्या जमातींना मिळाला.

१८६८ मध्ये चॅटम बेटांवरील बंदिवासातून निसटलेला ते कूती हा धर्मप्रवर्तक व गनिमी सेनानी १८६९ मध्ये ताउपो परिसरात आला. होरोनुकू त्याच्या सोबत गेले. ते स्वखुशीने गेले की त्याच्या दबावाखाली, याविषयी मतभेद आहेत. ४ ऑक्टोबर १८६९ रोजी तोंगारिरोच्या पश्चिम पायथ्याशी ते पोरेरे येथे सरकारी फौजेने ते कूतीच्या गढीवर हल्ला केला. सरकारच्या बाजूने वांगानुई खोऱ्यातील माओरी सैनिकही लढले आणि त्यांचे नेतृत्व ते कीपा ते रांगिहिवीनुई यांच्याकडे होते. ते कूती हाताला जखम होऊन निसटला. त्याचे अनेक साथीदार मारले गेले.

यानंतर होरोनुकू यांनी शरणागती पत्करली. त्यांना काही काळ हॉक्स बे प्रांतात सरकारी देखरेखीखाली ठेवण्यात आले व नंतर ताउपोला परतण्याची मुभा मिळाली. त्यांची जमीन जप्त झाली नाही. वाइही येथे स्थायिक होऊन त्यांनी पुढील काळात सरकारशी संघर्ष टाळण्याचे धोरण ठेवले. ते पोरेरेच्या गढीचे मातीचे तट आजही पाहावयास मिळतात.

जमीन न्यायालय

युद्धापेक्षा शांततेच्या काळातील कायद्यांनी माओरी भूमीचे अधिक नुकसान केले. १८६५ च्या कायद्याने पूर्णपणे आकाराला आलेले नेटिव्ह लँड कोर्ट हे त्यातील प्रमुख साधन होते. माओरी रूढीत जमीन संपूर्ण समूहाची असे आणि एकाच भूमीवर अनेक समूहांचे वेगवेगळे हक्क एकाच वेळी नांदत. न्यायालय मात्र सीमा आखून प्रत्येक तुकड्याला नामनिर्दिष्ट मालक ठरवून देई. मालकी एकदा व्यक्तींच्या नावे झाली की त्यांचे हिस्से एकेकट्याकडून विकत घेता येत. शिवाय मोजणीचा, वकिलांचा आणि महिनोन्‌महिने न्यायालयाच्या गावी राहण्याचा खर्च एवढा होई की, तो फेडण्यासाठीच जमीन विकावी लागे. एका जमातीने दावा केला तर इतरांना इच्छा नसतानाही हजर राहावे लागे. गैरहजर राहिल्यास त्यांचा हक्कच बुडत असे.

१८८० च्या दशकात न्गाती तूफारेतोआंपुढे हाच पेच उभा राहिला. शेजारच्या जमातींचे दावे दक्षिणेकडील मेंढीपालनाच्या कुरणांवर आणि पर्वतांवर येऊन ठेपले होते. अखेर जमातीने स्वतःहून संपूर्ण प्रदेशाच्या मालकीसाठी अर्ज केला आणि १८८६ च्या जानेवारीत ताउपो येथे ताउपोनुइआतिआ या विस्तीर्ण गटाची सुनावणी सुरू झाली.

या सुनावणीत होरोनुकू यांच्यासमोर ते कीपा उभे राहिले. सतरा वर्षांपूर्वी ते पोरेरे येथे दोघे परस्परविरुद्ध बाजूंना होते. माओरी रूढीत एखाद्या भूमीवरील हक्क ‘आही का’ या तत्त्वाने, म्हणजे तिथे अखंड पेटत राहिलेल्या चुलीच्या अग्नीने, सिद्ध होतो. अशी आख्यायिका आहे की, ते कीपांनी होरोनुकू यांना त्यांचा अग्नी कोठे आहे असे विचारून हिणवले, तेव्हा होरोनुकू यांनी न्गाउरुहोएच्या मुखातून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवले. न्यायालयाने पर्वतांच्या शिखरांचे गट होरोनुकू आणि त्यांच्या काही आप्तांच्या नावे केले. रुआपेहूवर परंपरेने हक्क सांगणाऱ्या वांगानुई भागातील जमातींना या निर्णयात पुरेसे स्थान मिळाले नाही, ही तक्रार तेव्हापासून आजपर्यंत चालत आली आहे.

निकाल बाजूने लागला तरी मूळ चिंता मिटली नव्हती. शिखरांचे तुकडे पडून ते वेगवेगळ्या मालकांकडे आणि त्यांच्याकडून मेंढपाळांकडे किंवा सट्टेबाजांकडे गेले, तर त्यांचे पावित्र्य कसे राखायचे, हा प्रश्न होता. होरोनुकू यांचे जावई लॉरेन्स ग्रेस हे एका मिशनऱ्याचे पुत्र असून त्या वेळी टाउरांगा मतदारसंघाचे संसद सदस्य होते. पर्वत राणीच्या संरक्षणाखाली दिल्यास त्यांवरील तापू अबाधित राहील, हा विचार त्यांनी सासऱ्यांपुढे मांडल्याचे सांगितले जाते. सरकारलाही या प्रदेशात रस होता. अमेरिकेत १८७२ मध्ये यलोस्टोन उद्यान स्थापन झाले होते आणि न्यूझीलंडमध्ये उष्ण झरे व ज्वालामुखी पाहण्यासाठी परदेशी प्रवासी येऊ लागले होते.

१८८७ चे हस्तांतर

२३ सप्टेंबर १८८७ रोजी होरोनुकू यांनी दस्तऐवजावर सही केली. तेव्हा माओरी व्यवहार खात्याचे मंत्री जॉन बॅलन्स हे होते. या दस्तऐवजाने सुमारे २,६४० हेक्टर क्षेत्र राजसत्तेकडे सोपवण्यात आले. त्यासोबत होरोनुकू यांनी अपेक्षाही व्यक्त केल्या होत्या. वडिलांचे पर्वतावरील अवशेष सन्मानाने खाली आणून योग्य जागी त्यांचे दफन व्हावे आणि आपला पुत्र तूरेइती याला पर्वतांच्या विश्वस्तांमध्ये स्थान मिळावे, या त्यातील प्रमुख होत. मानानुईंचे अवशेष पुढे वाइही येथे आणण्यात आले.

या दोन अपेक्षांवरून त्यांचा हेतू समजण्यास मदत होते. पर्वताशी संबंध तोडून टाकण्याची इच्छा असती, तर पुत्राला विश्वस्त करण्याचे कारण नव्हते. त्यांच्या दृष्टीने ही भूमी राणीच्या आणि ते हेउहेउ घराण्याच्या संयुक्त रक्षणाखाली राहणार होती.

मृत्यू

हस्तांतरानंतर एक वर्षही पूर्ण होण्यापूर्वी, जुलै १८८८ मध्ये, वाइही येथे होरोनुकू यांचे निधन झाले. उद्यान प्रत्यक्षात आलेले त्यांनी पाहिले नाही. त्यांच्यानंतर तूरेइती हे ते हेउहेउ तुकिनो पाचवे झाले. १९१८ मध्ये त्यांची विधान परिषदेवर नेमणूक झाली आणि १९२१ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी माओरी भूमीचे प्रश्न मांडले.

राष्ट्रीय उद्यानाची निर्मिती

तोंगारिरो राष्ट्रीय उद्यान अधिनियम १८९४ मध्ये संमत झाला. उद्यानासाठी आखलेले क्षेत्र सुमारे २५,००० हेक्टर होते, म्हणजे होरोनुकू यांनी दिलेल्या भूमीच्या जवळजवळ दहापट. उरलेली बरीचशी जमीन माओरी मालकांकडून सरकारने खरेदी केली किंवा कायद्याने घेतली. तूरेइती यांना विश्वस्त मंडळात स्थान मिळाले. परंतु मंडळात सरकारी पदाधिकाऱ्यांचे बहुमत होते. १९२२ च्या अधिनियमाने उद्यानाचा आणखी विस्तार झाला. सध्या त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७९,६०० हेक्टर असून मूळ हस्तांतरित भूमी त्याच्या तिसाव्या भागाइतकी आहे.

प्रारंभीच्या काळात उद्यानाचा विचार मुख्यतः करमणुकीच्या अंगाने झाला. १९१२ पासून मानद पालक जॉन कलन यांनी शिकारीचे पक्षी वाढवण्यासाठी युरोपातील हीदर हे झुडूप पठारावर लावले. पक्षी टिकले नाहीत. हीदर मात्र स्थानिक टसक गवताला मागे सारत पसरले आणि आज ते उपद्रवी तण म्हणून ओळखले जाते. १९२९ मध्ये रुआपेहूच्या पायथ्याशी शातो तोंगारिरो हे भव्य हॉटेल उभे राहिले आणि पर्वताच्या उतारांवर स्कीइंगची केंद्रे वाढत गेली. ज्या शिखरांकडे पाहणेही वर्ज्य होते, तिथे हजारो पावले पडू लागली.

तोंगारिरो उत्तर परिक्रमा

होरोनुकू यांनी सोपवलेल्या भूमीचा परिचय आज बहुसंख्य लोकांना पायवाटेवरून होतो. तोंगारिरो उत्तर परिक्रमा ही सुमारे ४५ किलोमीटरची वर्तुळाकार वाट फाकापापा गावातून सुरू होऊन तिथेच संपते. ती न्गाउरुहोएला वळसा घालते. ती पूर्ण करण्यास तीन ते चार दिवस लागतात. वाटेवर मांगातेपोपो, ओतुरेरे आणि वाइहोहोनू हे मुक्कामाचे निवारे आहेत. तेथे झोपण्यासाठी फळ्या व गाद्या, स्वयंपाकाची सोय आणि पावसाचे साठवलेले पाणी मिळते. अन्न व अंथरूण-पांघरूण प्रवाशाने पाठीवर वाहून न्यावे आणि कचराही परत न्यावा, असा नियम आहे. ऑक्टोबरअखेर ते एप्रिलअखेर या हंगामात निवाऱ्यांची आगाऊ नोंदणी करावी लागते.

वाट मांगातेपोपो खोऱ्यातील जुन्या लाव्हा प्रवाहांवरून चढत दक्षिण विवराच्या सपाट तळावर येते. तिथून सुमारे १,८८६ मीटर उंचीवरील लाल विवराच्या काठावर पोहोचते. लोहाच्या भस्माने या विवराच्या कडा तांबड्या झाल्या आहेत. खालच्या बाजूला खनिजांमुळे हिरव्यागार दिसणारी पाचू सरोवरे आहेत. त्यानंतर वाट ओतुरेरेच्या खोऱ्यात उतरते. येथे वनस्पती विरळ असून लाव्ह्याचे सुळके आणि राखेची मैदाने दूरवर पसरलेली दिसतात. वाइहोहोनूजवळ बीच वृक्षांचे जंगल लागते आणि शेवटच्या टप्प्यात तामा सरोवरांच्या बाजूने वाट फाकापापाला परतते. हवामान अतिशय चंचल असून उन्हाळ्यातही हिमवर्षाव व वादळी वारे संभवतात.

जुना वाइहोहोनू निवारा १९०४ मध्ये बांधला गेला. तो पन्हाळी पत्र्याचा असून त्याच्या दुहेरी भिंतींमध्ये थंडीपासून बचावासाठी प्युमिस हा हलका ज्वालामुखीय दगड भरलेला आहे. उद्यानातील हा सर्वांत जुना निवारा असून तो आता वारसावास्तू म्हणून जतन केला जातो. ६ ऑगस्ट २०१२ च्या रात्री तोंगारिरोच्या ते मारी विवरात उद्रेक होऊन उडालेले दगड केतेताही निवाऱ्याच्या छतातून आत पडले. सुदैवाने तिथे कोणी नव्हते. तेथील रात्रीचा मुक्काम त्यानंतर बंद झाला.

इंग्रजी चित्रपटमालेत न्गाउरुहोएचे रूप वापरले गेल्यावर शिखरावर चढणाऱ्यांची संख्या फार वाढली. २०१७ पासून स्थानिक जमाती आणि संवर्धन विभाग यांनी तोंगारिरो व न्गाउरुहोए यांच्या माथ्यावर न चढण्याची, तसेच सरोवरांच्या पाण्याला स्पर्श न करण्याची विनंती प्रवाशांना केली आहे. शिखरांकडे जाणाऱ्या वाटांच्या खुणाही काढण्यात आल्या. ही कायदेशीर बंदी नाही. पालन प्रवाशाच्या विवेकावर सोपवलेले आहे. बिडविलच्या चढाईनंतर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर मानानुईंची भूमिका अशा रीतीने पुन्हा मांडली गेली आहे.

दान की संयुक्त विश्वस्तपद

१८८७ च्या घटनेसाठी माओरी भाषेत ‘तुकू’ हा शब्द वापरला जातो. इंग्रजी दस्तऐवजांत त्याचे रूपांतर भेट किंवा देणगी असे झाले. इंग्रजी कायद्यात देणगी दिल्यावर देणाऱ्याचा हक्क संपतो. आपल्याकडील कल्पनेत सांगायचे तर, ते उदक सोडून केलेले दान ठरते. तुकू या संकल्पनेत मात्र देणारा आणि घेणारा यांच्यात कायमचे नाते निर्माण होते. घेणाऱ्यावर उत्तरदायित्व येते, देणाऱ्याचा संबंध कायम राहतो आणि उभयतांनी मिळून त्या वस्तूची जपणूक करावयाची असते.

वाइतांगी कराराच्या उल्लंघनाच्या तक्रारी ऐकणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाने या प्रकरणाची दीर्घ चौकशी केली आणि २०१३ मध्ये ‘ते काहुई माउंगा’ हा अहवाल प्रसिद्ध केला. होरोनुकू यांनी देऊ केलेली गोष्ट ही संयुक्त विश्वस्तपदाची होती आणि राजसत्तेने ती निव्वळ देणगी मानून त्यातील भागीदारीचा अंश पाळला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आसपासच्या इतर जमातींचे हक्क डावलले गेल्याचेही न्यायाधिकरणाने मान्य केले. उद्यान संवर्धन विभागाच्या अधिकाराबाहेर काढून राजसत्ता व जमाती यांनी ते संयुक्तपणे सांभाळावे, अशी त्याची शिफारस होती. २०१८ मध्ये न्गाती तूफारेतोआंच्या इतर दाव्यांबाबत तडजोडीचा कायदा झाला. परंतु उद्यानाचा प्रश्न स्वतंत्र वाटाघाटींसाठी बाजूला ठेवण्यात आला.

होरोनुकू यांच्या निर्णयाकडे पाहण्याचे दोन दृष्टिकोन त्यामुळे अभ्यासकांसमोर आहेत. एकानुसार त्यांनी दूरदृष्टीने पर्वतांना विखंडनापासून वाचवले, आणि शिखरांचे तुकडे पडले नाहीत ही वस्तुस्थिती त्याला पुष्टी देते. दुसऱ्यानुसार हा निर्णय स्वेच्छेचा असला, तरी ज्या न्यायव्यवस्थेने जमातीपुढे दुसरा सुरक्षित मार्ग ठेवला नव्हता तिच्या दडपणाखाली तो घेतला गेला. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. दोन पराभव पाहिलेल्या आणि न्यायालयात जिंकूनही भूमी सुरक्षित नसल्याचे ओळखलेल्या प्रमुखाला जे साधन हाती उरले होते, ते त्यांनी वापरले.

जागतिक वारसा

तोंगारिरो राष्ट्रीय उद्यानाचा समावेश १९९० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नैसर्गिक स्थळ म्हणून झाला. तेव्हा पर्वतांच्या सांस्कृतिक महत्त्वाची नोंद त्यात नव्हती. निसर्ग आणि मानवी श्रद्धा यांना एकत्र पाहणारा सांस्कृतिक भूदृश्य हा प्रवर्ग युनेस्कोने नंतर स्वीकारला आणि १९९३ मध्ये त्या सुधारित निकषांखाली नोंदले गेलेले तोंगारिरो हे जगातील पहिले स्थळ ठरले. तत्कालीन प्रमुख सर हेपी ते हेउहेउ यांनी त्यासाठी प्रयत्न केले होते. त्यांचे पुत्र तुमू ते हेउहेउ हे पुढे युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचे अध्यक्ष झाले आणि २००७ मध्ये क्राइस्टचर्च येथे भरलेल्या तिच्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषवले.

होरोनुकू यांनी सोपवलेली शिखरे आजही उद्यानाच्या केंद्रस्थानी आहेत. उद्यानाच्या व्यवस्थापनात न्गाती तूफारेतोआ आणि इतर जमातींचा वाटा किती असावा, याविषयीची चर्चा त्यांच्या १८८७ च्या अपेक्षांचा आधार घेऊनच चालते.